अक्कासाठी केलेलं गाणं

मी गाणी करते आणि कुंभकोणमला राहते. एवढं सांगितलं की इथले लोक लगेच विचारतात, कुठल्या सभेत गाता? सभा म्हणजे मैफली भरवणारी मंडळं; तिथे मी गात नाही. सकाळ-संध्याकाळ आजूबाजूच्या मुलांना कर्नाटक संगीत शिकवते आणि मधल्या वेळात आमच्या घरातल्या मराठीत स्वतःची गाणी रचते. ही मराठी आमच्या पूर्वजांबरोबर तंजावरच्या दरबारात आली आणि इकडेच राहिली. घरात ती, उंबऱ्याबाहेर तमिळ. आता जी लिहिते आहे ती मराठी मी मोठेपणी पुस्तकं वाचून आणि फोनवर ऐकून शिकले. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. आई तर म्हणते, तू असं बोललीस की कचेरीतून कोणी आल्यासारखं वाटतं.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आई आणि मी, आणि हे घडलं त्या वर्षी परत आलेली अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. तिला तंजावरात दिलेली. तिला दिवस गेले तेव्हा आई तिरुक्करुगावूरला जाऊन गर्भ राखणाऱ्या देवीपुढे ठेवलेलं एरंडेल घेऊन आली होती, पोटाला लावायला. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. इस्पितळातून अक्काला सरळ आमच्याकडे आणलं. भाओजी म्हणाले, थोडे दिवस राहू दे. ते थोडे दिवस लांबत गेले. आमच्या घरात त्याबद्दल कोणी बोललं नाही. आई भाजीबद्दल बोलायची, नळाच्या पाण्याबद्दल बोलायची. अक्का विचारलं तेवढंच उत्तर द्यायची.

तिला झोप लागत नसे. दुपारी जेवणं आटोपली की आतल्या खोलीत चटईवर पडून ती पंख्याकडे बघत राहायची. एकदा मी तिच्या शेजारी जाऊन आडवी झाले आणि गुणगुणू लागले. बोलायला काही सुचत नव्हतं म्हणून गुणगुणले, एवढंच.

निज गे, मजपाशीं निज,
दार ओढितें, ऊन बाहेर राहो.
कोणी पुसलें तर सांगेन,
घरीं नाहीं, घरीं नाहीं.

अक्काने कूस बदलली आणि पाठ माझ्याकडे केली. मला वाटलं, तिला आवडलं नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर तिला झोप लागली होती. मग रोज दुपारी मी ते म्हणू लागले. कडवी वाढली, चाल पक्की झाली. एक दिवस मी तिला विचारलं, "अक्का, हें गाणें लोकांत घालूं?"

"घाल की," ती म्हणाली. "मी म्हणून कोणास कळणार?"

गाणं आतल्या खोलीतच रेकॉर्ड केलं. भिंतींना गाद्या उभ्या करून लावल्या, पंखा बंद केला, तंबोरा छेडत घामाने भिजून गायले. आमच्याकडच्या लग्नांत नादस्वरम वाजवणारे एक गृहस्थ आहेत, बाबांच्या ओळखीचे. ते वाद्य म्हणजे मोठी सनईच, गल्ली जागी करणारं. त्यांना परसात उभं केलं, मधली दारं अर्धी लावली, आणि त्यांनी कडव्यांच्या मध्ये इतकं हळू वाजवलं की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एका जागी त्यांचा दम तुटला आणि सूर किंचित खाली घसरला. ते म्हणाले, पुन्हा घेऊ. अक्का दारातून म्हणाली, नको, हेंच असूं द्या.

मग गाणं इंटरनेटवर चढवलं. तोवर माझी समजूत अशी की गाणं केलं म्हणजे काम झालं. खरं काम त्यानंतरचं होतं. ते गाणं लोकांच्या कानापर्यंत न्यायचं. हे कसं करायचं ते शिकवणारे व्हिडिओ मी बघू लागले. सगळे सांगत, रोज काहीतरी टाका, चेहरा दाखवा, गाण्यामागची गोष्ट सांगा. लोक गोष्टीसाठी थांबतात, गाण्यासाठी थांबत नाहीत, असं एकजण फार खात्रीने सांगत होता. गोष्टीची जागा मी रिकामी सोडली. बाकी सगळं केलं. महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर बसून गातानाचा व्हिडिओ केला; त्यात माझ्यापेक्षा वाराच जास्त ऐकू येतो. फोन धरला की गाणं लागेल अशा चौकोनी खुणेचे स्टिकर छापून घेतले. ओळखीच्या कॉफीवाल्याने त्यातला एक हात धुवायच्या नळाच्या वर चिकटवला, आणि फिल्टर कॉफी पिऊन आलेले लोक त्याच्याकडे बघत चूळ भरू लागले. एका कॉलेजच्या कार्यक्रमात दोन नाचांच्या मध्ये मला गायला मिळालं, तर मागून कोणी ओरडलं, सिनेमातलं म्हणा. रेडिओ केंद्रावरच्या बाईंनी विचारलं, भाषा कुठली? मराठी म्हटल्यावर म्हणाल्या, मग मुंबईला पाठवा. मुंबईला पाठवलं तर तिथून उत्तर आलं, हे तमिळ आहे का?

ऐकणाऱ्यांचा आकडा भिंतीवरच्या पालीसारखा एका जागी चिकटून बसला होता.

अशा वेळी, ज्यांना ज्यांना गाणं पाठवलं होतं त्यांतल्या एका माणसाचं उत्तर आलं. तो महाराष्ट्रातला. नव्या मराठी गाण्यांचं एक पान चालवायचा, आणि त्या पानाला खूप लोक जोडलेले होते. त्याने फोन केला. "ताई, वेगळं आहे हो हे. चाल तर डोक्यातून जात नाही. मला आवाजाशिवायचा ट्रॅक पाठवा, म्हणजे नुसतं संगीत. रील बनवायला लागतो. मी बघतो काय करता येतं ते." मी त्याच दिवशी पाठवला. आईला सांगितलं, महाराष्ट्रातून फोन आला होता. आईने देवापुढे साखर ठेवली.

पुढे त्या माणसाकडून काही नाही. मी पाठवलेला निरोप त्याने पाहिला की खूण उमटायची, उत्तर यायचं नाही. असतील कामात, असं मी स्वतःला सांगत राहिले.

मग आत्याच्या मुलीचं लग्न आलं. कुंभकोणमलाच, मोठ्या मंडपात. अक्का इस्पितळातून आल्यापासून चारचौघांत कुठे गेली नव्हती. आईने फार समजावलं. तिरुभुवनमची पोपटी रेशमी साडी काढली, केसांत गजरा माळला, आणि अक्का आली. बायकांनी तिला काही विचारलं नाही, फक्त तिच्या पोटाकडे बघून घेतलं. मी तिच्या शेजारून हलले नाही.

मुहूर्त झाला. नादस्वरमवाले आमचेच गृहस्थ होते. त्यांनी वाद्य खाली ठेवून पाणी प्यायला सुरुवात केली. जेवणाच्या पंगतीला अवकाश होता म्हणून स्टेजच्या बाजूच्या पडद्यावर नवरा-नवरीची फिल्म लावली. नाचियार्कोविलच्या रस्त्यावरच्या भातशेतात काढलेली. दोघं बांधावरून हातात हात घालून चालताहेत. आणि तंबोरा सुरू झाला.

माझा तंबोरा. मग नादस्वरमची ती हलकी सुरावट.

मी अर्धी उठलेच. तोंडावर हसू आलेलं मला आठवतं. एवढ्या माणसांत माझं गाणं! न सांगता, न विनवता, आपल्याच माणसांनी ते निवडलं. मी अक्काचा हात धरला. आणि मग गाणाऱ्या बाईचा आवाज आला. तो माझा नव्हता.

गुळगुळीत आवाज. त्यात कुठे श्वास घेतलेला ऐकू येत नव्हता. चाल तीच, जागा त्याच.

झोप रे, माझ्यापाशी झोप,
दार लावते, जग बाहेर राहू दे.
कुणी विचारलं तर सांगेन,
घरी नाही, घरी नाही.

पडद्यावर नवरीने नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकलं होतं. मग एक दार हळूच बंद झालं. मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्टी मारली आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या हातातून अक्काचा हात निसटला. ती उठली, साडी नीट केली, आणि जेवलेली नसताना हात धुवायच्या जागेकडे निघून गेली. मी मात्र उठू शकले नाही. पडद्यावर गाणं चालूच होतं.

नादस्वरमवाले स्टेजवरून उतरून माझ्याकडे आले. वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही असं, तमिळमध्ये म्हणाले, "हे मी वाजवलंय ना?"

मी मान हलवली.

"माझा दम तुटला होता बघ. तिथेच तुटतोय." ते पडद्याकडे बघत राहिले. "मग गातंय कोण?"

मी नवरीकडे गेले. ती हार सावरत खुर्चीवर बसली होती. "हें गाणें तुज कोठें मिळालें?"

"फोनवर. सगळीकडे हेंच चाललें आहे," ती म्हणाली. "आपल्या भाषेंतलें म्हणून मीच निवडिलें. तू गाणेवाली, आणि तुज ठाऊक नाहीं?"

"तें माझें गाणें."

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे. माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली हिनेच लाल बदाम उमटवला होता. एकही ऐकला नव्हता. माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं आणि ती आजूबाजूला पाहू लागली, आता काय करावं असं. तिच्या लग्नाचा दिवस होता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाजूला झाले.

मंडपाच्या दाराशी उभी राहून मी फोनवर शोधलं. लगेच सापडलं. त्याच माणसाचं पान. गायिका म्हणून एका बाईचं चित्र होतं, नऊवारी आणि नथ घातलेली. मी चित्र मोठं करून पाहिलं तर नथ नाकाला कुठेच अडकलेली नव्हती, तशीच अधांतरी होती. ती बाईच नव्हती. आवाज यंत्राने केलेला, चेहरा यंत्राने केलेला. खरं एवढंच होतं, मी पाठवलेलं संगीत आणि परसात उभं राहून वाजवणाऱ्या माणसाचा तुटलेला दम. त्या गाण्यावर लोकांनी आपापले व्हिडिओ केले होते. नवी जोडपी, हनिमूनला गेलेली जोडपी, एकाने तर आपल्या कुत्र्याला मांडीवर झोपवलं होतं. माझ्या गाण्याचा आकडा जिथे अडकला होता तेवढे लोक इथे मी बघत असताना वाढत होते.

घरी येऊन अक्काने गजरा काढला, साडी घडी करून ठेवली आणि मला म्हणाली, "आजपासून तें म्हणूं नको."

मी त्या व्हिडिओखाली लिहिलं, हे गाणं माझं आहे, माझ्या आवाजातलं मूळ गाणं इथे ऐका. कोणीतरी खाली हसणारे चेहरे टाकले. पुढच्याच आठवड्यात मी सकाळची शिकवणी आटोपून फोन उघडला तर माझं गाणं जागेवर नव्हतं. नुसती करडी चौकट. आणि एक इंग्रजी पत्र: तुमचं हे गाणं दुसऱ्या एका मालकाच्या गाण्याची नक्कल आहे अशी तक्रार आल्यामुळे ते काढून टाकण्यात आलं आहे.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. इंग्रजी मला येतं, तरी वाटलं की माझंच काही चुकतंय. मग मला हसू आलं. मोठ्याने, थांबेचना. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय झालें?"

"माझें गाणें माझें नव्हे म्हणून पत्र आलें," मी म्हणाले.

"कोणी लिहिलें असें?"

कोणी लिहिलं हे मलाही कळत नव्हतं. त्या पत्राखाली माणसाचं नाव नव्हतं. उत्तर पाठवायची एक जागा होती. तिथे मी रेकॉर्डिंगच्या मूळ फाइली पाठवल्या, त्या माणसाला केलेले निरोप पाठवले, नादस्वरमवाल्यांचं म्हणणं पाठवलं. उत्तर आलं की आपला निरोप मिळाला. त्यापुढे काही नाही.

मी त्या माणसाला फोन करत राहिले. तो उचलत नव्हता. मग एका दुपारी त्याने उचलला. आईलाही ऐकू जावं म्हणून मी फोन जमिनीवर ठेवून आवाज मोठा केला. आई समोर बसून शेवग्याचा पाला निवडत होती. अक्का आतल्या खोलीत होती.

"ताई, बोला ना," तो म्हणाला. आवाजात राग नाही, काही नाही. "मीच फोन करणार होतो."

"माझं गाणं तुम्ही घेतलंत."

"घेतलं कसं? चाललं ना ते! तुमचं होतं तसं चाललं असतं का, सांगा. मी भाषा फक्त सुधारली. तुमची गोड आहे हो, पण आमच्याकडे कळत नाही. मजपाशीं, पुसलें, हे कोण बोलतं आता? आणि ते गे..." तो जरा हसला. "लोक भलताच अर्थ घेतात. रे केलं. एका अक्षराने गाणं कुठल्या कुठे गेलं बघा."

"ते गाणं बहिणीला म्हटलेलं आहे."

"बहिणीला झोप कोण म्हणतं, ताई? प्रेमाचं गाणं चालतं. ऐका माझं, तुम्ही चाली चांगल्या करता. पुढची पाठवा, मिळून करू."

"तुम्ही माझ्याच गाण्यावर नकलेची तक्रार केलीत!"

"ती करावी लागते. नाहीतर दोन दोन गाणी दिसतात, लोक गोंधळतात."

तो एखाद्या दुकानदाराने माल बदलून दिल्यासारखं समजावून सांगत होता. आईच्या हातात पाल्याची काडी तशीच राहिली होती.

अक्का बाहेर आली. ती माझ्या आणि फोनच्या मध्ये येऊन जमिनीवर बसली. तिने फोन उचलला नाही, वाकून त्याच्याशी बोलली, आमच्या घरच्या मराठीत, जशी ती आमच्याशी बोलते तशीच.

"मी अक्का बोलतें. त्या गाण्यांतली गे म्हणजे मी."

"नमस्कार," तो म्हणाला. "हो, बोला."

"माझें मूल पोटांत गेलें. मज आधीं कळलें. घरीं पाहुणे जेवीत होते. मूल रोज त्या वेळेस हालत असे, तें हाललें नाहीं. मीं पोटास हात लाविला, पाणी प्यालें, तरी हाललें नाहीं. पंगत बसली होती. मधेंच कैसें सांगावें म्हणून मी वाढीत राहिलें. भात वाढिला, पायसम वाढिलें. पानें उठल्यावर सांगितलें."

आईने मान वर केली. मीही. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

"मग मी इकडे आलें. निजतां येईना. डोळा मिटला की पंगत दिसे. ही धाकटी माझ्याजवळ येऊन निजली आणि तें गाणें म्हणाली. कोणी पुसलें तर घरीं नाहीं म्हणून सांगेन, म्हणाली. मज तेवढेंच हवें होतें. मी घरीं नाहीं असें कोणी सांगावें." मग अक्का अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही तेथें पुरुष आणून निजविलात."

फोनमधून कुठल्यातरी गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"मला माहीत नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"कळलें ना आतां?" अक्काने विचारलं.

"हो. कळलं."

आणि त्याने फोन ठेवला.

आई तशीच बसली होती. पाला तिच्या मांडीवर सांडला होता. "त्या पंगतींत मी होतें," ती म्हणाली. तंजावरच्या घरी त्या दिवशी पूजा होती आणि आई मुद्दाम गेली होती, हे मला आठवलं. "तू मज पायसम वाढिलेंस. चांगलें झालें म्हणून मीं आणिक मागितलें. आणिक मागितलें मीं!"

"तुज काय ठाऊक, आई," अक्का म्हणाली.

आईने तिला जवळ ओढलं नाही. आमच्याकडे तशी रीत नाही. तिने अक्काच्या पायावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. मग विचारलं, "मुलगी होती?"

"मुलगी."

मीही तेव्हाच ऐकलं. इतके महिने एका घरात राहून, रोज दुपारी शेजारी निजून, मी हे विचारलं नव्हतं. आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. एका चोराला फोन लावला तेव्हा ते घरात आलं.

त्या माणसाने तक्रार मागे घेतली. काही दिवसांत माझं गाणं जागेवर परत आलं आणि त्याच्या पानावरून त्याचं गेलं. मी आईला सांगितलं, माणूस अगदीच वाईट नाही. त्यानंतर त्याचा एक निरोप आला, बोललेला. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकला. आवाज जड होता आणि त्यात खरोखरचा उत्साहही होता.

"ताई, तुमच्या बहिणीची गोष्ट जबरदस्त आहे. मला रात्रभर झोप नाही. एक काम करा, त्या दिवशी त्या जशा बोलल्या ना, अगदी तसंच, त्याच भाषेत, व्हिडिओत बोलू द्या. मागे तुमचं मूळ गाणं लावू. मी माझ्या पानावर टाकतो, फुकट. गाणं उचललं जाईल बघा."

मी गॅस बंद केला. दूध उतू गेलं होतं ते मला दिसलं नव्हतं. लग्नात बसला त्यापेक्षाही मोठा धक्का मला या निरोपाने बसला, कारण हा माणूस रडला असावा, असं मला त्याच्या आवाजावरून वाटत होतं. तो रडला होता आणि त्याने हेही सुचवलं होतं.

काही दिवस मी ते अक्काला सांगितलं नाही. मग सांगितलं. तिने निरोप ऐकायला मागितला. शेवटपर्यंत ऐकून तिने विचारलं, "उचललें जाईल म्हणजे काय?"

"म्हणजे पुष्कळ लोक ऐकतील."

"गाणें?"

मी फोन घ्यायला हात पुढे केला.

"की माझें मूल?" ती म्हणाली, आणि फोन मला परत दिला. मी त्या माणसाला नको म्हणून कळवलं. त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. पुढे आमचं बोलणं झालं नाही.

माझं गाणं आता आहे. थोडे लोक ऐकतात, पूर्वीपेक्षा जास्त. त्यातले काही खाली लिहितात, मूळ गाणं खूप आवडतं, तुम्हीही छान गायलंय, पण शब्द चुकलेत. त्यांना मी पहिल्यांदा लांबलचक उत्तरं लिहायची. एका बाईला एवढं समजावलं की ती म्हणाली, ठीक आहे, पण रे जास्त गोड वाटतं. आता मी लिहीत नाही. कॉफीवाल्याच्या नळावरचा स्टिकर भिजून गेला, मी नवा लावला. पुढचं गाणं तयार आहे. त्याचं संगीत मी कोणाला पाठवलेलं नाही.

अक्का तंजावरला परत गेली नाही. भाओजी येतात, बसतात, बोलतात. पुढे काय ते त्या दोघांचं. नाचियार्कोविलला पितळी समयांचं एक दुकान आहे, तिथे ती येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचा पत्रव्यवहार बघते. दुपारी ती घरी नसते. सुट्टीच्या दिवशी असते, तेव्हा आता आईसुद्धा आतल्या खोलीत येऊन आमच्याबरोबर आडवी होते, आणि दोघी त्या मुलीबद्दल बोलतात. तिचे केस फार होते म्हणे.

हे सगळं लिहू का, असं मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "लिही. कोणाचें नांव नको." म्हणून कोणाचंच घातलं नाही.

गेल्या महिन्यात मला त्या दुकानात समयांच्या उजेडात एक व्हिडिओ करायचा होता, म्हणून मी सकाळी अक्काबरोबर बसने निघाले. ड्रायव्हरने गाणी लावली होती, सगळी तमिळ. गाव सुटून दोन्ही बाजूंना शेतं लागली आणि मध्येच तो तंबोरा सुरू झाला. ते गाणं पानावरून गेलं तरी लोकांच्या फोनमधून कुठे जाणार? ड्रायव्हरला मराठी येत नसणार, चाल आवडली असणार. मी उठून पुढे जाणार तोच अक्काने माझा पदर धरला.

"राहूं दे."

ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. पूर्ण ऐकलं. नादस्वरमवाल्यांचा दम जिथे तुटतो तिथे तिची मान किंचित हलली. शेवटचं 'घरी नाही' संपलं आणि पुढचं तमिळ गाणं लागलं.

"कांहीं म्हण," अक्का म्हणाली, "बाई बरी गाते."

"अक्का," मी म्हणाले, "ती बाई नव्हे."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीच नव्हे. यंत्र आहे. आवाज यंत्राचा, चित्रही यंत्राचें. असें कोणी माणूसच नाहीं."

इतके दिवस मी हे गृहीत धरलं होतं की तिला ठाऊक आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या मंडपातही तिचा चेहरा असा झाला नव्हता. बसमधल्या गाणी वाजणाऱ्या छोट्या डब्याकडे तिने पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"कोणीच नव्हे?" ती म्हणाली. "मग आतां मज निज म्हणालें कोण?"